गळणारी गच्ची आणि दोरीविना वर चढणारा माणूस : पुण्यातल्या छतांची जबाबदारी नेमकी कोणाची?

मृग नक्षत्राआधी घर शाकारून घ्यायचे, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. कौले उतरवायची, फुटलेली बदलायची, पन्हळी साफ करायच्या आणि मग पावसाची वाट बघायची. पुण्यात कौलांच्या जागी स्लॅब आले, वाड्यांच्या जागी सोसायट्या आल्या, पण वेळापत्रक तेच राहिले. आजही गच्चीची डागडुजी निघते ती एप्रिल-मेमध्ये.

२०२५ मध्ये हे वेळापत्रक कोलमडले. पुण्यात मान्सून साधारण १० जूनच्या सुमारास येतो. त्या वर्षी तो २६ मे रोजीच दाखल झाला. त्याच्या सहाच दिवस आधी, २० मे रोजी, कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी या इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशी बसवण्याचे काम सुरू असताना स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब तोडत तळमजल्यापर्यंत गेला. सहा जणांचा मृत्यू झाला.

या दोन गोष्टींचा थेट संबंध नाही. पण दोन्ही एकाच प्रश्नाकडे बोट दाखवतात. डोक्यावरच्या स्लॅबची काळजी कोणी, कधी आणि कशी घ्यायची? आणि ती घेण्यासाठी जो माणूस वर चढतो, त्याची काळजी कोणी घ्यायची?

गच्चीवर नेमके किती वजन पडते?

पुण्यात वर्षाला साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे हजार चौरस फुटांच्या (सुमारे ९३ चौरस मीटर) गच्चीवर वर्षभरात ६५ हजार लिटरहून अधिक पाणी पडते. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तरी साडेचार हजार लिटर पाणी त्याच दिवशी खाली उतरायला हवे.

ते उतरते तोवर प्रश्न नसतो. पण पाइपाच्या तोंडाशी पाने, प्लास्टिकच्या पिशव्या, कबुतरांची पिसे आणि विष्ठा अडकली की पाणी तुंबते. गच्चीवर १० सेंटिमीटर पाणी साचले की प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो वजन वाढते. हजार चौरस फुटांचा हिशेब केला तर हे नऊ टनांच्या पुढे जाते.

लोकांची ये-जा असलेल्या गच्चीचा आराखडा करताना भारतीय मानकांनुसार प्रत्येक चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो वापराचा भार धरला जातो. त्यावर सुरक्षेसाठी राखीव ताकदही ठेवलेली असते. त्यामुळे एकदा पाणी तुंबले म्हणून चांगला स्लॅब कोसळत नाही. अडचण होते ती वजनावर वजन चढत गेल्यावर.

पुण्यातल्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो. विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल यांचा हा थर पाण्याला ढाळ देतो. चार इंचाच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला जवळपास दोनशे किलो भरते. गळती सुरू झाली की जुना कोबा फोडण्याचा खर्च आणि राडारोडा टाळण्यासाठी त्याच्यावरच नवा थर टाकला जातो. दहा-पंधरा वर्षांनी आणखी एक. मूळ आराखड्यात एकाच थराचा हिशेब असतो.

त्यात गच्चीवरची बाग आली, तर एक फूट जाडीची ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जाते. हजार लिटरची टाकी भरली की एक टन. हे वजन खांब आणि तुळईच्या वर आहे की स्लॅबच्या मधोमध, यावर बरेच काही अवलंबून असते. गच्चीवर काहीही जड ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारायला सांगतात, ते यासाठीच.

गळती म्हणजे फक्त ओल नव्हे, असे का?

छतावर पिवळसर डाग पडला की बहुतेक घरांत रंगाऱ्याला बोलावले जाते. पण डाग हा शेवटचा टप्पा असतो.

काँक्रीटच्या आत लोखंडी सळ्या असतात. चांगले काँक्रीट त्यांना गंजू देत नाही. भेगांमधून पाणी आणि हवा वर्षानुवर्षे आत जात राहिली की ते संरक्षण संपते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो. ही वाढलेली जागा आतून काँक्रीटला फोडते. आधी बारीक सरळ भेग दिसते, मग तपकिरी डाग, मग प्लास्टर फुगते आणि शेवटी सळई उघडी पडते. तोवर सळईची जाडी आणि स्लॅबची ताकद, दोन्ही घटलेल्या असतात.

उल्हासनगरमध्ये मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. १५ मे रोजी मोहिनी पॅलेसमध्ये पाच आणि २८ मे रोजी साईसिद्धी इमारतीत सात जणांचा जीव गेला. दोन्ही इमारती नव्वदच्या दशकातल्या होत्या. त्या काळी तिथे वापरलेल्या निकृष्ट रेतीची बरीच चर्चा झाली. पुण्यातली माती, रेती आणि हवा वेगळी आहे. पण वरचा स्लॅब पडला की खालचा तो पेलत नाही आणि एकामागून एक मजले जातात, हे सगळ्या शहरांना सारखेच लागू आहे.

म्हणूनच छताला खालून पुट्टी आणि रंग लावणे हा सर्वात महागडा उपाय ठरतो. डाग झाकला जातो आणि सळई गंजत राहते. ओल कुठून येते ते शोधून ती वरून थांबवणे आणि उघडी पडलेली सळई साफ करून तिच्यावर योग्य प्रक्रिया करणे, हा दुरुस्तीचा क्रम आहे.

गच्चीच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळ-वडाच्या रोपांचेही तसेच. वरून कापले तर ते पुन्हा फुटतात आणि मुळे भेग रुंद करत जातात. मूळ काढून भेग भरावी लागते.

खर्च कोणी करायचा?

पुण्यातल्या बहुतेक भांडणांचे मूळ इथे आहे. वरच्या मजल्यावरचा म्हणतो, 'गच्ची सगळ्यांची आहे.' खालचा म्हणतो, 'गळते तुमच्याकडे, तुम्ही बघा.' या वादात दोन-तीन पावसाळे सहज निघून जातात.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याचे उत्तर स्पष्ट आहे. छताची संरचनात्मक दुरुस्ती, गच्चीची देखभाल आणि पावसाच्या पाण्याची गळती हा खर्च सोसायटीचा. इतकेच नाही, तर गच्चीतून झालेल्या गळतीमुळे सर्वात वरच्या मजल्यावरील घराचे छत आणि त्यावरचे प्लास्टर खराब झाले, तर तेही सोसायटीनेच दुरुस्त करायचे. घरातल्या संडास-बाथरूममधून होणारी गळती मात्र त्या त्या सभासदाची.

यासाठी निधीचीही तरतूद आहे. बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात जमा व्हावेत, असे उपविधी सांगतात. मेंटेनन्स कमी ठेवल्याचे कौतुक करून घेणाऱ्या कमिट्या बरेचदा याच दोन रकमांना कात्री लावतात.

पुण्यात सोसायटीऐवजी 'अपार्टमेंट' असलेल्या इमारती खूप आहेत. त्यांना १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा लागू होतो. त्यातही छत हे सामाईक क्षेत्र आहे. खर्च मात्र प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनुसार वाटला जातो.

सर्वात बिकट स्थिती पेठांमधल्या जुन्या वाड्यांची. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. पण अनेक वाड्यांत मालक आणि भाडेकरू यांचे वाद वर्षानुवर्षे चालू आहेत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या एक चतुर्थांश इतकाच.

आता हिशेब बघा. एखाद्या जुन्या खोलीचे भाडे महिन्याला २०० रुपये असेल, तर वर्षाचे २,४०० आणि त्याचा चौथा भाग ६०० रुपये. एवढ्यात कौले बदलणाऱ्याची एका दिवसाची मजुरीही निघत नाही. दुसरीकडे २०० रुपये भाडे घेणारा मालक लाखोंची दुरुस्ती करायला तयार नसतो. कायदा दोघांनाही अधिकार देतो, छत मात्र तसेच राहते.

स्ट्रक्चरल ऑडिट कधी बंधनकारक आहे?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून महापालिकेला प्रमाणपत्र द्यावे लागते. सहकारी सोसायट्यांच्या उपविधींमध्ये त्याही आधीची तरतूद आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतींनी दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतींनी दर तीन वर्षांनी ऑडिट करावे, असे त्यात म्हटले आहे.

धोकादायक इमारतींची सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ अशी वर्गवारी केली जाते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

गंमत अशी की सी-२बी आणि सी-३ चा अहवाल आला की अनेक ठिकाणी लोकांना हायसे वाटते आणि फाइल कपाटात जाते. खरे तर दुरुस्ती स्वस्तात होण्याची हीच वेळ असते.

वर चढणाऱ्या कामगाराचे काय?

२९ जुलै २०१६ रोजी बालेवाडीत बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या तेराव्या मजल्यावरून स्लॅबच्या कामावेळी कोसळून नऊ मजुरांचा मृत्यू झाला. मोठ्या साइटवर अपघात झाला की बातमी होते, गुन्हा दाखल होतो, चौकशी लागते. सोसायटीच्या गच्चीवर कोबा फोडणारे तीन मजूर किंवा इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर झुल्यावर बसून भेगा भरणारे दोघे मात्र कोणाच्याच नजरेत नसतात.

कायद्यातही ते निसटतात. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि व्यक्तीने स्वतःच्या घरासाठी केलेले दहा लाखांपर्यंतचे काम त्यातून वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत दहा कामगारांची अट कायम आहे. स्वतःच्या राहत्या घराच्या कामाची मर्यादा मात्र ५० लाखांवर गेली आहे. म्हणजे घराच्या छताची बहुतेक दुरुस्ती या संहितेच्या बांधकामविषयक तरतुदींच्या बाहेरच राहते.

याचा अर्थ जबाबदारी संपली असा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना केलेल्या निष्काळजीपणासाठी कलम २९० वेगळे आहे. पण ही कलमे माणूस पडल्यावर किंवा धोका उघड झाल्यावर कामी येतात. काम सुरू होण्याआधी कोणी तपासायला येत नाही.

मग ती तपासणी काम देणाऱ्यालाच करावी लागते. त्यात अवघड काही नाही. कामगाराला संपूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट हवा, नुसता कमरेचा पट्टा नको. पडताना कमरेच्या पट्ट्याचा सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर बसतो. बेल्टवर आयएस ३५२१ आणि हेल्मेटवर आयएस २९२५ ही मानके पाहावीत. दोरी कशाला बांधली आहे, हे त्याहून महत्त्वाचे. पाण्याचा पाइप, डिशची दांडी, गंजलेले रेलिंग किंवा गच्चीची विटांची कठडाभिंत माणसाचा झटका पेलेलच असे नाही. कामाची दोरी आणि जीव वाचवणारी दोरी वेगळ्या असाव्यात आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेल्या असाव्यात.

शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, या प्रमाणात लावावी आणि ती छताच्या वर तीन फूट तरी यावी. जवळून विजेची तार जात असेल तर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी नको. शेवाळ धरलेल्या ओल्या गच्चीवर, वळवाच्या वाऱ्यात किंवा विजा चमकत असताना काम थांबवावे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार गच्चीचा कठडा किमान एक मीटर उंच हवा. कोब्याचे थर चढत गेले की कठडा आपोआप बुटका होतो, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

यातला खरा मुद्दा पैशांचा आहे. तीन कोटेशन मागवली जातात आणि सर्वात कमी रकमेचे मंजूर होते. परांची, बेल्ट, दोरी, विमा यांचा खर्च धरणारा ठेकेदार आपोआप महाग ठरतो. हा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत, सगळ्यांसाठी सारखा आणि सक्तीचा मागितला, तर सुरक्षा वगळून स्वस्त होण्याची सोय राहत नाही.

पत्र्याचे छत अधिक धोक्याचे का?

शहरातल्या वस्त्या, उपनगरांतली बैठी घरे, गोदामे आणि छोटे कारखाने यांच्यावर लोखंडी किंवा सिमेंटचा पत्रा असतो. लोखंडी पत्र्यावरून माणूस घसरतो. सिमेंटच्या पत्र्यातून तो थेट खाली पडतो. जुना सिमेंटचा पत्रा वरून धडधाकट दिसतो, पण ऊन-पावसाने ठिसूळ झालेला असतो. उजेडासाठी मध्ये बसवलेला फायबरचा पत्रा धूळ बसल्यावर बाकीच्यांसारखाच दिसतो आणि पायाखाली फुटतो.

अशा छतावर थेट पाय ठेवू नये. खालच्या आधाराच्या किमान दोन पट्ट्यांवर टेकतील अशा लांब, मजबूत फळ्या टाकून त्यावरूनच चालावे. शक्य असेल तर काम खालून, परांचीवर उभे राहून करावे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते. तो कोरडा असताना कापणे, घासणे किंवा फोडणे टाळावे, कारण त्याचे सूक्ष्म तंतू श्वासातून फुफ्फुसात जातात.

पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड, टायर, विटा ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. वादळात पत्रा हलला की हेच दगड खाली येतात. भारतीय मानकांत पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. इमारतींच्या गच्चीवर गळती रोखण्यासाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडनाही हाच हिशेब लागू होतो. त्यामुळे शेड उभारण्याआधी महापालिकेची परवानगी आणि इंजिनीअरचा आराखडा, दोन्ही आवश्यक आहेत.

सौर पॅनेल बसवताना काय बघावे?

पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यावरील घरगुती प्रकल्पाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यामुळे पुण्याच्या गच्च्यांवर पॅनेल झपाट्याने वाढत आहेत. चांगल्या स्लॅबला पॅनेलचे वजन सहसा जड होत नाही. त्रास होतो तो सांगाडा बसवताना पाडलेल्या छिद्रांचा, कारण ती वॉटरप्रूफिंगच्या थरातून जातात. एकदा पॅनेल बसले की २५ वर्षे त्याखालची गच्ची दुरुस्त करणे अवघड होते. म्हणून आधी गच्ची, मग पॅनेल हा क्रम बरा. पुसायला वर चढणाऱ्यासाठी पॅनेलच्या ओळींमध्ये वाट आणि कड्यापासून अंतरही सोडावे लागते.

मग काम कधी काढावे?

मे महिन्यात सगळ्यांनाच कारागीर हवे असतात, म्हणून ते मिळत नाहीत. मिळाले तर घाई असते. कडक उन्हात सिमेंटचे काम लवकर वाळून त्याला भेगा जातात आणि पाणी मारायला टँकर मागवावा लागतो. त्यात पाऊस आधी आला तर अर्धवट फोडलेल्या गच्चीतून सगळे पाणी घरात येते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ यासाठी जास्त योग्य आहे. पाऊस नुकताच संपलेला असतो, ओलीचे डाग ताजे असतात, त्यामुळे गळतीची जागा सापडते. काम झाल्यावर गच्चीचे पाइप बंद करून २४ ते ४८ तास थोडे पाणी साठवून चाचणी घेता येते आणि चूक निघाली तर दुरुस्त करायला महिने हातात असतात. मेमध्ये मग पाइपांची जाळी साफ करणे, रोपे उपटणे आणि भेगांवर एक नजर टाकणे एवढेच उरते.

यासाठी सोसायट्यांकडे एक तारीख आयती आहे. सहकार कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या वेळी छत कुठे गळते हे प्रत्येकाला ताजे ठाऊक असते. गच्चीची पाहणी, इंजिनीअरचा अहवाल, दुरुस्तीचा निधी आणि कामगारांच्या सुरक्षेची अट हे चार विषय त्याच सभेत मंजूर झाले, तर ठेकेदाराला दिवाळीनंतर काम सुरू करता येते. ही सभा पार्किंगच्या वादात संपली, तर हाच विषय पुन्हा निघतो तो मेमध्ये, आणि तेव्हा मिळेल त्या भावात मिळेल त्या माणसाला दोरीविना वर पाठवले जाते.